बावीस ओळींचा अहवाल: शौचाच्या जनुकीय पॅनेल चाचणीचे परीक्षण

गेल्या जूनमध्ये माझ्या चार वर्षांच्या नातवाला दुपारी साधे जुलाब सुरू झाले आणि रात्रीपर्यंत आव आणि रक्त पडू लागले. ताप १०१ च्या आसपास होता. पोटात कळ आली की तो गुडघे पोटाशी घेऊन माझा हात घट्ट धरायचा, आणि एवढ्या कुंथण्यानंतर पडायचे ते जेमतेम चमचाभर, शेंबडासारखे, मध्येच लाल रेषा असलेले. बालरोगतज्ज्ञांनी त्याला तपासले, शरीरातले पाणी फारसे कमी झालेले नाही याची खात्री केली, जलसंजीवनी आणि झिंक सुरू केले, आणि प्रतिजैविक लिहिण्याआधी थांबून मला म्हणाले, "मॅडम, हा आवेचा जिवाणू शिगेला असेल तर औषध लवकर द्यायला हवे. पण शिगा विष तयार करणारा ई. कोलाय असेल, तर तेच औषध अंगावर येऊ शकते. मूल आत्ता स्थिर आहे, आपण स्टूल पॅनेल करून घेऊ." मी २७ वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले आहे. ज्या प्रश्नावर मी दर वर्षी दोन तास फळ्यासमोर उभी राहत असे, तो त्या रात्री माझ्याच घरात आला होता.

या परीक्षणाचा विषय ती चाचणी आणि ती करून देणाऱ्या प्रयोगशाळेची सेवा हा आहे. प्रयोगशाळेचे नाव मी देत नाही, कारण मला आलेल्या अडचणी इतर ठिकाणीही येतात असे ओळखीच्या डॉक्टरांशी बोलल्यावर दिसले. चाचणी मल्टिप्लेक्स पीसीआर पद्धतीची आहे, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यांच्या प्रती वाढवून अनेक जंतू एकदम ओळखण्याची. एकाच शौचनमुन्यात एकाच वेळी २२ रोगकारकांचा शोध घेतला जातो: जिवाणूंच्या १३ ओळी, परजीवींच्या ४ आणि विषाणूंच्या ५. विषाणू आणि परजीवी यांच्याबद्दल मला फारसे सांगायचे नाही. रोटा, नोरो किंवा जिआर्डिया सापडला की काय सापडले हे पुरेसे स्पष्ट असते. खरी गुंतागुंत जिवाणूंच्या १३ ओळींत आहे. त्यांतल्या ६ ओळी एकट्या ई. कोलायच्या घराण्याच्या आहेत, आणि हा जिवाणू तर आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांपासून मुक्कामाला असतो.

इथेच या चाचणीचे मोल समजते. तेओडोर एशेरिष यांनी १८८५ साली तान्ह्या बाळांच्या शौचात या जिवाणूचे वर्णन केले, तेव्हापासून तो आतड्याचा नेहमीचा रहिवासी म्हणून ओळखला जातो. नमुना मॅकॉन्की आगर या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमावर पसरवला की दुसऱ्या दिवशी गुलाबी, चपट्या, गोल वसाहती उगवतात. त्यांतली कोणती गरीब आणि कोणती मूत्रपिंड निकामी करणारी, हे सूक्ष्मदर्शकाखाली कितीही निरखून पाहिले तरी सांगता येत नाही, कारण दोघांची चण, रंग आणि खाणेपिणे बहुतांशी सारखेच असते. फरक असतो तो त्यांनी बाहेरून मिळवलेल्या जनुकांत. १९२२ साली एका रुग्णाच्या शौचातून वेगळा केलेला आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला गेलेला के-१२ हा निरुपद्रवी वाण घ्या. त्याचा संपूर्ण जनुकसंच १९९७ साली वाचला गेला आणि त्यात डीएनएच्या सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या भरल्या. २००१ साली ओ१५७:एच७ या घातक वाणाचा संच वाचला गेला. तो सुमारे ५५ लाखांचा निघाला, आणि के-१२ मध्ये मुळीच नसलेली १,३८७ जनुके त्यात होती. एकाच जातीच्या दोन भावंडांत इतकी तफावत आई-बापाकडून आलेल्या वारशाने पडत नाही. ती जनुके शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून, विषाणूंकडून, कधी पूर्णपणे परक्या जातीकडून आलेली आहेत. म्हणून अहवालात जिवाणूंची नावे छापलेली असली तरी चाचणीतले रसायन अनेक ओळींत विशिष्ट जनुकांचाच शोध घेत असते. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर ही गोष्ट कुठेही लिहिलेली नसते आणि माझी पहिली तक्रार तीच आहे.

आता सेवेबद्दल. संकलन केंद्रातल्या मुलीने आधी लघवीच्या तपासणीची साधी डबी दिली होती. मी विचारल्यावर तिने फोन केला आणि मग योग्य ती बाटली आली: आत गुलाबीसर द्रव, झाकणालाच जोडलेला छोटा चमचा आणि बाजूला भरण्याची रेघ. हे कॅरी-ब्लेअर माध्यम आहे. त्यात जिवाणू वाढत नाहीत, पण तग धरून राहतात. साध्या डबीत शिगेला काही तासांतच मरू लागतो आणि पुढे त्याची वाढ करून पाहायची वेळ आली तर हाती काही लागत नाही. विचारले नसते तर नमुना साध्या डबीतूनच गेला असता. चाचणीचे यंत्र स्वतः साधारण तासाभरात निकाल देते. माझी एक जुनी विद्यार्थिनी दुसऱ्या शहरात हेच काम करते आणि तिच्याकडे मी ते चालताना पाहिले आहे. तळहाताएवढे एक चपटे प्लास्टिकचे पाकीट असते, त्यात सर्व रसायने कोरडी करून भरलेली असतात. एका बाजूने पाणी आणि दुसऱ्या बाजूने पातळ केलेला नमुना ओढून घेतला की पुढचे सारे, म्हणजे पेशी फोडणे, डीएनए काढणे आणि त्याच्या प्रती वाढवणे, आत बंदच्या बंद होते. हे पाहून मला फार आनंद झाला होता, कारण आमच्या काळात यातल्या एकेका पायरीला अर्धा दिवस जाई. आमचा नमुना मात्र सकाळी साडेआठला दिला आणि अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आला. यंत्राच्या एका तासासाठी साडेसव्वीस तास गेले, कारण केंद्रावरून नमुने दिवसातून एकदाच मुख्य प्रयोगशाळेत नेले जातात. रक्ती आव असलेल्या मुलाच्या बाबतीत हे मला मान्य नाही. प्रतिजैविक द्यावे की थांबावे हे ज्या कागदावर ठरते, त्याला "तातडीचा" असा शिक्का असायला हवा.

अहवाल आला तेव्हा लेकीच्या मोबाइलवर तीन ओळी लाल होत्या. ती घाबरून म्हणाली, "आई, तीन-तीन जंतू निघालेत गं!" शिगेला किंवा एंटरोइन्व्हेजिव्ह ई. कोलाय: आढळला. एंटरोपॅथोजेनिक ई. कोलाय: आढळला. एंटरोअ‍ॅग्रिगेटिव्ह ई. कोलाय: आढळला. मी मात्र आधी न रंगलेली एक ओळ शोधली. शिगा विष निर्माण करणारा ई. कोलाय: आढळला नाही. तिथे पोहोचल्यावर मला खुर्चीवर बसता आले.

त्या ओळीला इतके महत्त्व का, हे सांगितले पाहिजे. कियोशी शिगा यांनी १८९७ साली जपानमधल्या आवेच्या मोठ्या साथीत ज्या जिवाणूचा शोध लावला, त्याचे विष पेशीतले प्रथिन बनवण्याचे यंत्र बंद पाडते. १९८२ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन आणि मिशिगन राज्यांत हॅम्बर्गर खाल्लेल्या लोकांना रक्ती जुलाब झाले आणि त्यांच्या शौचात जो ई. कोलाय सापडला, त्याच्याजवळ जवळजवळ तेच विष होते. ते त्याच्याकडे आले कसे, याचे उत्तर १९८०च्या दशकातच मिळाले. विषाचे जनुक एका फेजच्या, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूच्या, जनुकसंचात बसलेले असते. असा फेज जिवाणूत शिरतो, त्याच्या डीएनएत स्वतःला शिवून घेतो आणि पिढ्यान्‌पिढ्या गप्प पडून राहतो. जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की जिवाणू दुरुस्तीची आणीबाणी जाहीर करतो, आणि फेजला दाबून ठेवणारे प्रथिन नेमके त्याच धांदलीत तुटते. मग फेज जागा होतो, आपल्या शेकडो प्रती काढतो, त्याच वेळी विषही तयार होते, आणि शेवटी जिवाणू फुटून दोन्ही आतड्यात सांडतात. विष रक्तात जाऊन मूत्रपिंडांच्या सूक्ष्म वाहिन्यांना लागते. मोकळे झालेले फेज शेजारच्या, तोवर निरुपद्रवी असलेल्या ई. कोलायमध्ये शिरतात आणि त्यांनाही विषाचे कारखाने करून टाकतात. म्हणजे एका मुलाच्या पोटात, दोन-चार दिवसांच्या अवधीत, साध्या जिवाणूला रोगकारक होता येते.

सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके डीएनएवरच घाव घालतात, म्हणून ती हा झोपलेला फेज उठवतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत हे औषध दिल्यावर विष वाढले, फेज एका जिवाणूतून दुसऱ्यात गेले आणि उंदीर दगावले. ओ१५७ च्या संसर्गात साधारण शंभरात पाच ते पंधरा मुलांना पुढे आठवडाभरात रक्तपेशी फुटण्याचा आणि मूत्रपिंडे थांबण्याचा विकार होतो. डॉक्टर लिहिता लिहिता का थांबले होते, ते यावरून कळावे. या एका ओळीसाठी ही चाचणी करण्यासारखी आहे असे माझे मत आहे. तरी तिच्यात एक उणीव राहतेच. या विषाचे दोन प्रकार आहेत आणि मूत्रपिंडाचा धोका दुसऱ्या प्रकारात बराच जास्त असतो. अहवाल मात्र दोघांना एकाच ओळीत टाकतो आणि कोणता सापडला हे सांगत नाही. यंत्र हे वेगळे सांगू शकणार नाही असे मला वाटत नाही, आणि उपचार करणाऱ्याला त्याची गरज असते.

दुसरी ओळ, जी नातवाच्या अहवालात खरोखर महत्त्वाची होती, ती शिगेलाची. "शिगेला किंवा एंटरोइन्व्हेजिव्ह ई. कोलाय" असे जोडनाव पाहून प्रयोगशाळेला नक्की ठरवता आले नाही असा समज होतो. तसे नाही. जनुकसंच पाहिला तर शिगेला हा ई. कोलायच आहे. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या ई. कोलाय वाणांनी दोन लाखांहून अधिक अक्षरजोड्यांचा एक मोठा प्लास्मिड, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे सुटे वर्तुळ, मिळवला आणि त्यातून शिगेला एकदा नव्हे, अनेकदा घडला. त्या प्लास्मिडवर सुईसारख्या एका यंत्राची जनुके आहेत, आणि त्या सुईतून जिवाणू आपली प्रथिने आतड्याच्या पेशीत टोचतो. पेशीचा सांगाडा त्यामुळे हलतो, पेशी जिवाणूला स्वतःच आत ओढून घेते, आणि तो आतल्या आत एका पेशीतून शेजारच्या पेशीत सरकत जातो. कुंथल्यावर चमचाभर रक्त आणि आव पडते ती याच उद्ध्वस्त अस्तराची.

यातली एक बाब मी वर्गात नेहमी शेवटी सांगायची, कारण ती ऐकून मुले सावरून बसत. रोगकारक होण्यासाठी शिगेलाने नुसते मिळवले नाही, काही गमावलेही. साध्या ई. कोलायमध्ये लायसिन या अमिनो आम्लापासून कॅडाव्हेरिन तयार करणारे जनुक असते. शिगेलात ते नाहीसे झालेले आहे. १९९८ साली संशोधकांनी ते जनुक शिगेलाला परत दिले, तेव्हा तयार झालेल्या कॅडाव्हेरिनने त्याच्या विषांचा परिणाम मंदावला. नव्या घरात जुने सामान अडथळा ठरत होते म्हणून ते फेकले गेले. मिळालेल्या जनुकांचा उपयोग व्हावा म्हणून आधीची जनुके टाकणे, हा या साऱ्या कहाणीतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे.

चाचणी शोधते ते आयपीएएच नावाचे जनुक, आणि ही निवड शहाणपणाची आहे. या जनुकाच्या प्रती प्लास्मिडवर असतात तशाच मुख्य गुणसूत्रावरही असतात, त्यामुळे जिवाणूकडून प्लास्मिड गळून गेला तरी चाचणी हुकत नाही. शिगेला आणि एंटरोइन्व्हेजिव्ह ई. कोलाय या दोघांतही तेच जनुक असते, दुखणे सारखेच असते आणि औषधही तेच लागते. म्हणून जोडनाव योग्यच आहे. अहवालाखाली एका वाक्यात हे लिहिले असते तर माझ्या लेकीची अर्धी भीती तिथेच गेली असती.

तिसरी ओळ, एंटरोपॅथोजेनिक ई. कोलाय. इथे मात्र चाचणीला गुण कमी द्यावे लागतात. १९४०च्या दशकात ब्रिटनच्या रुग्णालयांतल्या तान्ह्या बाळांत जीवघेण्या जुलाबांच्या साथी आल्या आणि त्यातून हा गट ओळखला गेला. त्याचे सामर्थ्य सुमारे ३५ हजार अक्षरजोड्यांच्या एका बेटात आहे. बेट म्हणण्याचे कारण त्याच्या रचनेत दिसते. ई. कोलायच्या डीएनएत चार अक्षरांपैकी ग्वानिन आणि सायटोसिन या दोघांचे प्रमाण साधारण निम्मे असते, या तुकड्यात ते ३८ टक्क्यांच्या आसपास येते. मजकुरात मध्येच वेगळ्या बोलीचा उतारा यावा, तसा तो परका तुकडा ओळखू येतो. तो एका ट्रान्सफर आरएनए जनुकाशेजारी बसलेला आहे, आणि फेज डीएनएत घुसताना अशाच जागा पसंत करतात. १९९७ साली हे बेट उचलून निरुपद्रवी के-१२ मध्ये घातले गेले, तेव्हा त्या गरीब जिवाणूनेही पेशीला चिकटून तिची सूक्ष्म रोमके सपाट केली. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उलगडली. हा जिवाणू पेशीवर चिकटण्याची जागा शोधत बसत नाही. तो स्वतःच एक प्रथिन पेशीत टोचतो, ते तिच्या पृष्ठभागावर येते, आणि मग जिवाणू त्यालाच पकडून बसतो.

चाचणी या बेटावरचे ई-ए-ई हे एकच जनुक पाहते. पण या गटात दोन प्रकार आहेत. एका प्रकाराजवळ बेटाखेरीज एक प्लास्मिडही असतो आणि तोच लहान बाळांना अधिक आजारी पाडतो. दुसऱ्याजवळ तो नसतो, आणि हा दुसरा प्रकार निरोगी मुलांच्या शौचातही पुष्कळदा सापडतो. चाचणी दोघांत भेद करत नाही. त्यातही तिची एक मर्यादा मूळचीच आहे. शौच म्हणजे हजारो वाणांचे मिश्रण, आणि पीसीआर जनुक सापडले एवढेच सांगते, ते कोणाच्या अंगात होते हे सांगत नाही. शिगा विषाचे जनुक आणि ई-ए-ई दोन्ही सापडली, तर ती एकाच जिवाणूत होती की दोन वेगळ्या, की विषाचे जनुक एखाद्या मोकळ्या फेजमध्येच होते, हे कळण्याचा मार्ग नाही. म्हणूनच शिगा विषाची ओळ लाल असेल तेव्हा एंटरोपॅथोजेनिकच्या ओळीत "लागू नाही" असे छापले जाते. हे प्रामाणिक आहे आणि मला आवडले, पण त्या दोन शब्दांचा अर्थ समजावणारी टीप कुठेच नाही.

चौथी ओळ, अ‍ॅग्रिगेटिव्ह ई. कोलायची, नातवाच्या बाबतीत बहुधा प्रवासी होती. हे जिवाणू प्लास्मिडवरच्या जनुकांच्या बळावर विटा रचाव्यात तसे एकमेकांना चिकटून आतड्यावर थर करतात. आपल्याकडे धडधाकट मुलांतही ते आढळतात. त्यांना हलके मात्र लेखू नये, याचे कारण २०११ साली जर्मनीत दिसले. त्या उन्हाळ्यात उत्तर जर्मनीत जवळपास ३,८०० लोक आजारी पडले, ८०० हून अधिक जणांना मूत्रपिंडाचा विकार झाला आणि ५० हून अधिक माणसे दगावली. सुरुवातीला दोष स्पेनच्या काकड्यांवर आला. शोध शेवटी पोहोचला मेथीच्या मोडांपाशी, इजिप्तहून आयात केलेल्या बियांपर्यंत. आपण मोड आलेल्या मेथीची उसळ शिजवतो, तिथे ते मोड कच्चेच सॅलडवर घातले जात होते. आणि कारण असलेला जिवाणू होता एक अ‍ॅग्रिगेटिव्ह ई. कोलाय, ज्याने वाटेत कुठेतरी शिगा विषाचा फेज उचलला होता. चिकटून राहण्याचे कसब एकाकडून आणि विष दुसऱ्याकडून आलेले, शिवाय प्रतिजैविकांना दाद न देणारा आणखी एक प्लास्मिड. त्याच्याजवळ ई-ए-ई नव्हते आणि तो ओ१५७ ही नव्हता, त्यामुळे केवळ ओ१५७ शोधणाऱ्या जुन्या तपासण्यांतून तो निसटला असता. आजच्या पॅनेलवर तो दोन लाल ओळींत पकडला गेला असता, कारण पॅनेल नावाऐवजी जनुक विचारते. हा या चाचणीच्या बाजूचा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा आहे.

एंटरोटॉक्सिजेनिक ई. कोलायच्या ओळीबद्दल थोडक्यात लिहिते. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५०च्या दशकात सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या फासात कॉलराचे विष आणि काही ई. कोलाय वाणांची विषारी क्रिया दाखवली, तिथून या विषयाचा मार्ग खुला झाला. हा जिवाणू दोन विषांपैकी एक किंवा दोन्ही प्लास्मिडवर बाळगतो: उष्णतेने नासणारे, जे कॉलराच्या विषाची जवळजवळ नक्कल आहे, आणि उष्णतेला टिकणारे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, कोलकात्यासह सात देशांतल्या मुलांच्या मोठ्या अभ्यासात गंभीर जुलाबांशी स्पष्ट संबंध दिसला तो टिकणाऱ्या विषाचा. पॅनेल मात्र दोन्ही विषे एकाच ओळीत घालते. भारतासाठी ही ओळ फोडून दिली पाहिजे. त्याच अभ्यासाच्या नमुन्यांची पुढे जनुके मोजून फेरतपासणी झाली आणि शिगेलाचा वाटा आधीच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. यातून सापडण्याइतकेच मोजमापही महत्त्वाचे आहे हे दिसते. यंत्राकडे किती फेऱ्यांनंतर संकेत आला याचा आकडा असतोच. तो अहवालात छापला, तर शिगेलाचा भरघोस संकेत आणि बाकी दोघांची पुसट हजेरी डॉक्टरांना एका नजरेत कळेल. आज तिन्ही ओळी सारख्याच लाल रंगात येतात आणि पालक एकाऐवजी तीन आजार मोजतात.

पुणेकर वाचकांना कॅम्पायलोबॅक्टरच्या ओळीची आठवण असेल. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटण्याच्या विकाराचे, रुग्ण वाढले आणि काहींच्या शौचनमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. याच्या काही वाणांच्या आवरणातली शर्करा आपल्या मज्जातंतूंवरच्या शर्करेसारखी दिसते, आणि तिच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मज्जातंतूंवरच उलटतात. हा जिवाणू फेज किंवा प्लास्मिड यांची वाटही पाहत नाही. आजूबाजूला पडलेला उघडा डीएनए तो स्वतःहून गिळतो आणि आपल्या संचात जोडतो. त्याची वाढ करून पाहणे नेहमीच्या प्रयोगशाळेत कठीण असते, कारण त्याला कमी ऑक्सिजन आणि ४२ अंशांची ऊब लागते. या एका ओळीत पॅनेल जुन्या पद्धतीपेक्षा निर्विवाद सरस आहे.

सगळ्यात गंभीर तक्रार मी शेवटी मांडते आहे, कारण तीच मला सर्वांत जास्त सलली. नातवाला शिगेला आहे हे कळले, पण त्याच्यावर कोणते औषध चालेल याबद्दल पॅनेल एक शब्दही बोलत नाही. १९५०च्या दशकात जपानमधल्या डॉक्टरांना एकाच रुग्णाच्या आतड्यात अनेक औषधांना न जुमानणारा शिगेला आणि तितकाच हट्टी ई. कोलाय एकत्र सापडू लागले, आणि १९५९ साली तिथल्या संशोधकांनी दाखवले की ही प्रतिकारशक्ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे निव्वळ संपर्काने जाते. ज्या प्लास्मिडांच्या वाटेने विष येते, त्याच वाटेने औषधांविरुद्धचे कवचही येते. आज भारतात सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारा शिगेला ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. तेव्हा पॅनेलवर शिगेला आला की त्याच नमुन्याचे कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जिवाणू वाढवून त्याच्यावर कोणते औषध चालते ते पाहणे, आपोआप लागलीच पाहिजे. आमच्या प्रयोगशाळेने ते केले नव्हते. मी फोन केला तेव्हा पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पॅनेलमध्ये कल्चर येत नाही, त्याचे वेगळे बुकिंग करावे लागते. आणि रिपोर्ट गेला की नमुना आम्ही टाकून देतो." सुदैवाने तो त्या दुपारपर्यंत फ्रिजमध्ये होता. मी आग्रह धरला, वेगळे पैसे भरले आणि त्यांनी तो लावला. हे श्रेय त्यांना देते, की प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंनी नंतर स्वतः फोन करून कल्चर आधीच लावायला हवे होते हे मान्य केले.

किंमत पाच आकडी आहे, साध्या स्टूल कल्चरच्या कित्येक पटींनी जास्त. पातळ जुलाब, रक्त नाही, मूल पाणी पिते आहे, अशा वेळी तिच्यावर पैसे घालवू नयेत. तिथे जलसंजीवनी हेच औषध आहे आणि लाल ओळी केवळ घोर लावतील. शौचात रक्त असेल, रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, एकाच घरात किंवा वसतिगृहात अनेक जण एकदम आजारी पडले असतील, तर मात्र ती जरूर करावी. पाचपैकी गुण द्यायचे तर चाचणीला चार देते आणि सेवेला अडीच. चाचणी द्यायला गेल्यावर तीन गोष्टी आधी विचाराव्यात: बाटली कॅरी-ब्लेअरची आहे का, नमुना मुख्य प्रयोगशाळेत किती वाजता निघणार आहे, आणि शिगेला किंवा साल्मोनेला निघाल्यास कल्चर त्याच नमुन्यावर लावणार का. तिसऱ्याचे उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

आमचा दुसरा कागद पाचव्या दिवशी आला: शिगेला सॉनेई, सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारा, अ‍ॅझिथ्रोमायसिनला दाद देणारा. डॉक्टरांनी पॅनेलचा अहवाल पाहिल्याबरोबर अ‍ॅझिथ्रोमायसिनच सुरू केले होते. कागद आला तेव्हा नातू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मऊ भात खात होता आणि त्यावर आणखी तूप मागत होता.